चरबीची गाठ (लायपोमा) : भीती नको आणि दुर्लक्षही नको



मागच्या वर्षी पाचवीच्या वर्गात आपल्या शरीराविषयी शिकवत होते. एका मुलाने हात वर केला. "मॅडम, आमच्या आजोबांच्या पाठीवर लिंबाएवढी गाठ आहे. आजी म्हणते कॅन्सर असंल. आजोबा तर दवाखान्यात जायलाच तयार नाहीत." वर्ग एकदम शांत झाला. त्या दिवशी मुलांना जे सांगितलं, तेच आज सविस्तर पाहू या.

लायपोमा म्हणजे काय?
आपल्या त्वचेखाली चरबीचा थर असतो. कधीकधी त्यातल्या काही पेशी एका जागी वाढतात, त्यांच्याभोवती पातळ आवरण तयार होतं आणि गाठ दिसू लागते. हीच चरबीची गाठ. ती कॅन्सर नसते आणि एकापासून दुसऱ्याला होत नाही. हा आजार नवीनही नाही. सुश्रुतसंहितेत मेदोज ग्रंथीचं वर्णन आहे.

ती कशी ओळखावी?
• हाताला मऊ लागते, मळलेल्या कणकेच्या गोळीसारखी.
• बोटाने दाबली की त्वचेखाली सरकते.
• बहुतेक वेळा दुखत नाही.
• वर्षानुवर्षं अगदी हळू वाढते.
• मान, खांदे, पाठ, दंड, मांड्या इथे जास्त आढळते.
साधारण ४० ते ६० या वयात ती जास्त दिसते. लहान मुलांमध्ये कमी.

कारणे
नेमकं कारण प्रत्येक वेळी सापडत नाही. काही घरांत ती आनुवंशिक असते, वडिलांना आणि मुलालाही अनेक गाठी असतात. बारीक माणसालाही ती होऊ शकते, त्यामुळे "तेलकट खाल्लं म्हणून झाली" असं कोणाला बोल लावू नका.

काय करू नये?
गाठ दाबून फोडणे, गरम सळईने डाग देणे, जोरजोरात चोळणे हे प्रकार करूच नयेत. गाठ यामुळे जात नाही, उलट जखम होऊन पिकते. लेप लावून किंवा वजन कमी करूनही ती विरघळत नाही.

डॉक्टरांकडे लगेच कधी जावं?
गाठ ५ सेंटीमीटरपेक्षा मोठी असेल, भराभर वाढत असेल, कडक लागत असेल, हलत नसेल, दुखत असेल किंवा काढल्यावर पुन्हा आली असेल तर थांबू नका. चरबीच्या पेशींचा कॅन्सर दुर्मीळ आहे, पण तो असतो. स्तनातली कोणतीही गाठ ताबडतोब दाखवावी. मानेत गाठ असून ताप येत असेल, वजन घटत असेल, तर ती टीबीचीही असू शकते. थोडक्यात, हाताने चाचपून आपण अंदाज करायचा, निदान मात्र डॉक्टरांनीच करायचं.

तपासणी आणि उपचार
डॉक्टर हाताने तपासतात, गरज वाटली तर सोनोग्राफी करतात किंवा सुईने पेशी काढून तपासतात. गाठ त्रास देत नसेल तर काढलीच पाहिजे असं नाही. काढायची ठरली, तर लहान गाठीसाठी तेवढाच भाग बधिर करून छोटी शस्त्रक्रिया पुरते. खर्चाची काळजी असेल तर लक्षात ठेवा : १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क आहेत.

त्या आजोबांचं काय झालं? द्राक्षांचा हंगाम संपल्यावर नातवाने हट्टच धरला. आजोबा नाशिकला गेले, सोनोग्राफी झाली. गाठ चरबीचीच निघाली. आजोबा त्याला म्हणाले, "दोन वर्षं उगाच जिवाला घोर लावून घेतला रे!" गाठ अजून पाठीवर आहे, पण आता घरात कोणी तिला घाबरत नाही.

स्वाध्याय
१. चरबीच्या गाठीची तीन लक्षणे लिहा.
२. कोणती गाठ लगेच डॉक्टरांना दाखवावी?
३. घरी कोणी गाठ लपवून ठेवली आहे का, ते प्रेमाने विचारा.