ॲव्हरेज मोठं म्हणजे बचत मोठी?

पुण्यात कुणी नवी गाडी घेतली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ॲव्हरेज किती देते?" मुलांच्या कानावर हा शब्द रोज पडतो. सातवीत व्यस्त प्रमाण शिकवून झालं की त्याचाच उपयोग करून घ्या.

वर्गात हे उदाहरण द्या. एका घरात स्कूटर आणि कार आहे. दोन्ही महिन्याला 600 किमी चालतात. स्कूटर लिटरला 40 किमी देते, कार 12. एकच गाडी बदलायची आहे. नवी स्कूटर 60 देईल, नवी कार 15. पेट्रोल जास्त कशात वाचेल? बहुतेक मुलं "स्कूटर" म्हणतील, कारण 20 ने वाढ कुठे आणि 3 ने कुठे! मोठी माणसंही इथेच फसतात.

आता भागाकार करू द्या.
स्कूटर: 600 ÷ 40 = 15 लिटर, 600 ÷ 60 = 10 लिटर. बचत 5 लिटर.
कार: 600 ÷ 12 = 50 लिटर, 600 ÷ 15 = 40 लिटर. बचत 10 लिटर, म्हणजे दुप्पट!

ॲव्हरेज आणि लागणारं पेट्रोल व्यस्त प्रमाणात असतात, त्यामुळे ॲव्हरेजमधला फरक म्हणजे पेट्रोलमधला फरक नव्हे. युरोपात 100 किमीला किती लिटर लागले असंच मोजतात, तिथे हा घोळ होत नाही.

पालकांनी घरी खरं ॲव्हरेज काढून दाखवावं. टाकी फुल करा, मीटरचा आकडा लिहा. पुढच्या वेळी पुन्हा फुल करा. मधलं अंतर 168 किमी आणि पेट्रोल 4.2 लिटर भरलं, तर 168 ÷ 4.2 = 40. (पेट्रोल रुपयांत सांगून भरायची सवय असेल तर पावतीवरचे लिटर बघा.)

बसचा हिशेब मात्र माणशी करा. कात्रजकडून शहरात 12 किमी जायचंय. डिझेल बस लिटरला 4 किमी देते असं धरलं तर 3 लिटर लागतात. 40 प्रवासी असतील तर माणशी 75 मिली. स्कूटरवर एकटा माणूस 300 मिली जाळतो, डबलसीट गेले तर माणशी 150. कारमध्ये एकटा असेल तर पूर्ण 1 लिटर. पीएमपीच्या बऱ्याच बस सीएनजीवर आहेत. सीएनजी किलोत मोजतात, त्यामुळे किलो आणि लिटर थेट ताडू नका, रुपयांत आणा.

एखादं चौकस मूल विचारेलच, "रात्रीची बस तर रिकामी असते, मग?" त्यालाच फळ्यावर बोलवा. 3 लिटर भागिले 0.3. निदान 10 प्रवासी हवेत, तेव्हा कुठे एकट्या स्कूटरवाल्याशी बरोबरी होते.