व्हॅनवरून ट्रकवर जाताना

प्रश्न : तीन वर्षं कुरिअर कंपनीची डिलिव्हरी व्हॅन चालवतो. परवाना एलएमव्हीचा. कंपनी आता लाइनच्या मोठ्या ट्रकवर घेते आहे. हाच परवाना चालेल ना?
– एक वाचक, भिवंडी

उत्तर : नाही चालणार, पण काळजी नको, वाट सरळ आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२४च्या निकालाने एलएमव्ही परवान्यावर मालवाहू गाडी चालवता येते, मात्र मालासह एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असेल तरच. आरसीवर हा आकडा छापलेला असतो. तो आधी पाहा. ‘गाडी कंपनीची, हातही बसलेला’ हे खरं असलं, तरी अपघात झाल्यास खटला तुमच्यावर होतो आणि विमा कंपनी भरपाई मालकाकडून वसूल करू शकते. म्हणजे वैध परवाना दोघांच्याही हिताचा.

वयाची २० वर्षं पूर्ण आणि एलएमव्ही परवाना वर्षभर जुना, एवढं असलं की अवजड वाहनाचा शिकाऊ परवाना मिळतो. मग ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्र, वैद्यकीय दाखला आणि आरटीओची चाचणी. तोवर कंपनीकडे ७,५०० किलोच्या आतली गाडी मागा. पगार, भत्ता, ज्येष्ठता लेखी घ्या. परवाना हाती येईपर्यंत मोठ्या ट्रकचं स्टिअरिंग धरू नका.