उन्हाची खोली आणि पांढरा रंग

घराला रंग द्यायचा ठरला म्हणजे निळा की हिरवा, गुलाबी की पिवळा, यावर घरातील सर्वांची मते निरनिराळी पडतात. पांढऱ्याविषयी मात्र कोणी वाद घालीत नाही. 'पांढरा द्या' एवढे रंगाऱ्याला सांगितले, की काम संपले असे आपण समजतो. परंतु मोगऱ्याचे फूल, दुधाची वाटी, खडूचा तुकडा, शंख आणि वहीचा कोरा कागद या पाच वस्तू एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवून पाहा. पाचही वस्तूंना आपण पांढऱ्याच म्हणतो. तरी त्यांतील कोणत्याही दोन वस्तूंचा पांढरेपणा तंतोतंत सारखा नाही, हे तुम्हांला दिसून येईल. एक पिवळसर, एक निळसर, एक किंचित करडा, एक मोतिया. भिंतीसाठी यांतील कोणता घ्यावा, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. एकदा दिलेला रंग पुढे कित्येक वर्षे डोळ्यांपुढे राहतो, आणि ज्या खोलीत आपण वाचतो-लिहितो तिच्या उजेडाचे सुखदुःख आपल्या डोळ्यांनाच सोसावे लागते.

पांढरेपणा कशामुळे येतो?

सूर्याच्या प्रकाशात सर्व रंगांचे किरण असतात. एखाद्या पृष्ठभागाने ते सर्व किरण सारख्याच प्रमाणात चोहोंकडे विखुरले, तर तो पृष्ठभाग आपल्याला पांढरा दिसतो. काच पारदर्शक असते, पण तिचे चूर्ण पांढरे दिसते. कारण प्रत्येक कणाच्या कडेवर प्रकाश वाकतो, परततो आणि विखुरतो. भिंतीच्या चुन्याचेही असेच आहे. चुनखडीचा दगड सुमारे ९०० अंश सेल्सियस उष्णतेत भाजला म्हणजे कळीचा चुना होतो. तो पाण्यात विरवून भिंतीला लावला, की हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून त्याचे पुन्हा चुनखडीत रूपांतर होते. ओला असताना हाच चुना फिकट आणि अर्धपारदर्शक दिसतो, व वाळल्यावर शुभ्र होतो. ओलेपणी कणांमधील पोकळ्या पाण्याने भरलेल्या असल्यामुळे प्रकाश नीट विखुरत नाही. पाणी उडून त्यांत हवा शिरली, की शुभ्रता प्रकट होते. हल्लीच्या तयार रंगांत हे काम टिटॅनियम डाय-ऑक्साइडची पूड करते. ती चुन्यापेक्षा प्रकाश अधिक वाकवते, म्हणून पातळ थरानेही खालची भिंत झाकली जाते.

पूर्वी चुन्यात थोडी नीळ घालीत. चुन्यातील पिवळसर झाक निळीने मारली जाते आणि भिंत अधिक शुभ्र भासते. धुतलेल्या धोतराला नीळ देण्यामागचे तत्त्व हेच. पण नीळ जास्त झाली की भिंत शुभ्र न दिसता निळी दिसू लागते. यावरून ध्यानात येईल, की पांढऱ्याची बाजू किंचितशा भेसळीनेही बदलते.

बडोद्याचे ऊन

भिंत स्वतःचा प्रकाश निर्माण करीत नाही. तिच्यावर जसा प्रकाश पडेल तशी ती दिसते. म्हणून खोलीचे तोंड कोणत्या दिशेला आहे, हे आधी पाहिले पाहिजे. बडोदे सुमारे २२.३ उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेस आहे. जूनच्या आरंभी आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य येथे जवळजवळ थेट डोक्यावर येतो. त्यामुळे भर उन्हाळ्यात दुपारी दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येत नाही. उलट २१-२२ डिसेंबरच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून केवळ ४४ अंश उंच असतो, आणि त्याचे ऊन दक्षिणेच्या खिडकीतून खोलीत दूरवर पोहोचते. पूर्वेच्या खोलीला सकाळचे आणि पश्चिमेच्या खोलीला संध्याकाळचे तिरपे, पिवळे-तांबूस ऊन मिळते. उत्तरेच्या खोलीत वर्षाचा बहुतेक काळ आकाशाचाच निळसर उजेड असतो.

आता दुधी किंवा मलईसारखा पांढरा पश्चिमेच्या खोलीत लावला, तर काय होईल? रंगातील पिवळेपणात उन्हाचा पिवळेपणा मिसळेल आणि भिंत चार वाजता जुन्या कागदासारखी दिसू लागेल. हाच रंग उत्तरेच्या खोलीत मात्र उबदार आणि प्रसन्न वाटेल.

शेजाऱ्याचा परिणाम

प्रकाशाइतकाच महत्त्वाचा आहे तो शेजारी. बडोद्याच्या अनेक घरांत संखेड्याचा झोपाळा किंवा खुर्च्या असतात. सागवान कातून, त्यावर रंग व कथिलाची नक्षी काढून लाखेची झिलई दिलेले हे काम तांबडे, शेंदरी आणि सोनेरी असते. त्याच्या जोडीला बांधणीचा पडदा किंवा मोरपंखी चादर आली, म्हणजे खोलीत ठळक रंगांची सभाच भरते. अशा रंगांवर ऊन पडले, की ते त्यांवरून परतून जवळच्या पांढऱ्या भिंतीवर येते आणि येताना त्या रंगाची झाक घेऊन येते. तांबड्या पडद्याजवळची भिंत गुलाबी दिसते, ती यामुळे.

दुसरा परिणाम आपल्या दृष्टीत घडतो. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगाईच्या विभागाचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रल यांच्याकडे, विणकामातील काळा रंग फिका दिसतो अशी तक्रार आली. शोध घेता त्यांना आढळले, की दोष काळ्या रंगात नसून शेजारच्या रंगांत आहे. एक रंग दुसऱ्याला आपल्या विरोधी रंगाकडे ढकलतो. हा विचार त्यांनी १८३९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. या नियमाप्रमाणे शेंदरी रंगाला लागून असलेला पांढरा किंचित निळसर, आणि निळ्याजवळचा पांढरा किंचित पिवळसर भासतो.

आपल्या शेजारच्या छोटा उदेपूर भागातील राठवा समाजाच्या घरांत पिठोरा चित्रे काढतात. आधी भिंत शेणमातीने सारवून पांढऱ्या मातीने उजळतात आणि मग त्यावर तांबडे, पिवळे, निळे, हिरवे घोडे उभे राहतात. पांढरी भूमी असल्यामुळे प्रत्येक घोडा वेगळा उठून दिसतो. ठळक रंगांच्या खोलीत भिंतीचे कामही हेच असते: तिने इतर रंगांना जागा करून द्यावी.

मग कोणता पांढरा निवडावा?

भरपूर ऊन आणि ठळक रंग असलेल्या खोलीला पिवळसर पांढरा टाळावा. तो अधिकच पिवळा होईल. निळीची स्पष्ट झाक असलेला पांढराही, विशेषतः शेंदरी रंगाजवळ, थंड आणि परका वाटेल. या दोहोंच्या मधला, अगदी थोडी करडी छटा असलेला पांढरा येथे योग्य ठरतो. उन्हामुळे त्याला हवी तेवढी ऊब आपोआप मिळते. पृष्ठभाग चकचकीत नसावा. चकाकत्या भिंतीवरून ऊन आरशाप्रमाणे एकाच दिशेला परतते आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांवर येते. सौम्य पृष्ठभागावरून तेच ऊन पसरून सर्व खोलीला उजेड देते.

तथापि नियमापेक्षा प्रत्यक्ष परीक्षा श्रेष्ठ. ती पुढीलप्रमाणे करावी:

१. दोन-तीन निरनिराळे पांढरे थोड्या प्रमाणात आणून जाड पुठ्ठ्याच्या मोठ्या तुकड्यांवर दोन-दोन हात द्यावेत व पूर्ण वाळू द्यावेत. दुकानातील बोटभर नमुन्यावरून निर्णय करू नये.
२. प्रत्येक तुकडा खिडकीसमोरच्या आणि खिडकीलगतच्या अशा दोन्ही भिंतींवर ठेवून पाहावा.
३. शेजारी घरातील खरा पडदा किंवा चादर धरावी.
४. सकाळी आठ, दुपारी बारा, दुपारी चार आणि रात्री दिव्याच्या उजेडात, अशा चारही वेळी काय दिसते ते वहीत लिहावे.

आणखी एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. जुन्या तैलरंगांत शिसे असे, आणि शिसे मुलांच्या मेंदूला घातक असते. भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, असा नियम लागू आहे. म्हणून डबा घेताना त्यावरील शिशाविषयीची सूचना वाचावी. जुन्या घरातील दारे-खिडक्यांचा रंग कोरडा खरवडू नये, आणि ते काम चालू असताना लहान मुलांना त्या खोलीपासून दूर ठेवावे.

विद्यार्थिमित्रांनो, दिवाळीपूर्वी घरात रंगकाम निघाले, तर ही परीक्षा तुम्ही आपल्या हाती घ्या. वहीतील चार नोंदी घेऊन वडीलमंडळींपुढे गेलात, तर तुमच्या मताला आधार राहील. आणि पांढरा तो पांढरा, असे मग घरात कोणी म्हणणार नाही.