तेल गळते कोठून? : जुन्या पोकलेनच्या ट्रॅक मोटरचा एक अभ्यास

उन्हाळा लागला की धर्माबाद परिसरात दोन दृश्ये हमखास दिसतात. एक, मोंढ्यातील लाल मिरचीचे ढीग. दुसरे, आटलेल्या तलावांत गाळ उपसणारी पिवळी यंत्रे. या यंत्रांना आपण सरसकट ‘पोकलेन’ म्हणतो. वस्तुतः हे यंत्राचे नव्हे, तर फ्रान्समधील एका कारखान्याचे नाव. जॉर्ज बताय यांनी १९२७ मध्ये स्थापन केलेल्या या कारखान्याने १९६० च्या दशकाच्या आरंभी पूर्णतः तेलाच्या दाबावर चालणारे, स्वतःभोवती फिरणारे उत्खनन यंत्र बाजारात आणले. पुढे भारतात लार्सन अँड टुब्रोने त्या नावाची यंत्रे बनवली आणि ते नाव मराठीत इतके रुळले, की आज यंत्र कोणत्याही कंपनीचे असले तरी ते आपल्यासाठी पोकलेनच असते.

मराठवाड्यात या यंत्राला विशेष महत्त्व आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेले जलयुक्त शिवार अभियान आणि २०१७ मधील ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना यांमुळे गावोगावी खोलीकरणाची कामे निघाली. त्याबरोबर ऑपरेटर, हेल्पर, मेकॅनिक आणि कर्ज काढून जुने यंत्र विकत घेणारे छोटे मालक असा एक नवा कष्टकरी वर्ग उभा राहिला. आपल्या अनेक माजी विद्यार्थ्यांची व पालकांची उपजीविका याच व्यवसायावर चालते. म्हणून या व्यवसायातील नेहमीच्या एका व्याधीचा, म्हणजे ट्रॅक मोटरच्या गळतीचा, येथे अभ्यास करावयाचा आहे.

रचना

पोकलेनच्या दोन्ही चेनना गती देणारी यंत्रणा मागच्या दातेरी चक्रात, म्हणजे स्प्रॉकेटमध्ये, बसवलेली असते. तिचे दोन भाग. पहिला हायड्रॉलिक मोटरचा. पंपाकडून येणारे तेल तिच्यातील पिस्टनना रेटते आणि शाफ्ट फिरू लागतो. वीस टनी यंत्रात हा दाब ३०० ते ३५० किलो प्रति चौरस सेंटिमीटर इतका असू शकतो. दुसरा भाग गिअरपेटीचा. मोटरचा वेग कमी करून ताकद वाढवणे, हे तिचे काम. मोटरमध्ये हायड्रॉलिक ऑइल असते, गिअरपेटीत गिअर ऑइल. या दोन तेलांना विभक्त ठेवते ते शाफ्टवरील रबरी सील.

गिअरपेटीचा फिरणारा भाग व स्थिर भाग यांच्यामध्ये फ्लोटिंग सील असते. आरशासारख्या घासलेल्या दोन धातूच्या कड्या एकमेकींवर टेकलेल्या असतात आणि त्यांच्या मागे दोन रबरी कड्या त्यांना दाबून धरतात. आत तेल राखणे आणि बाहेरचा चिखल रोखणे ही दोन्ही कामे तेच करते.

मोटरच्या आतील फटींतून थोडे तेल सतत झिरपत असते. तो दोष नव्हे. त्यानेच आतील भागांना वंगण मिळते. हे झिरपलेले तेल एका बारीक होसमधून सेंटर जॉइंटमार्गे टाकीत परत जाते. तीच ड्रेन लाइन. या साध्या दिसणाऱ्या पाइपकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही; प्रस्तुत लेखाचा मुख्य विषय मात्र तोच आहे.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी, मे महिन्याच्या उत्तरार्धात, तालुक्यातील एका पाझर तलावावर मला बोलावणे आले. दोघा भावांनी बँकेचे कर्ज काढून एक जुने वीस टनी यंत्र घेतले होते. कामाचे पैसे तासावर मिळत आणि पहिल्या मोठ्या पावसाबरोबर हंगाम संपणार होता. डाव्या स्प्रॉकेटच्या आतील बाजूने तेल ठिबकत होते. मी पाहिले, फ्लोटिंग सील गेले असे ठरवले आणि ते बदलले. चार दिवसांनी पुन्हा तेल.

दुसऱ्या वेळी गिअरपेटीचा लेव्हल प्लग उघडताच आतून पातळ तेल जोराने बाहेर आले. त्याला हायड्रॉलिक ऑइलचा वास होता. म्हणजे शाफ्टचे सील फाटून मोटरमधील तेल गिअरपेटीत शिरत होते आणि पेटी तुडुंब भरल्यावर फ्लोटिंग सीलला रेटून बाहेर पडत होते. मी शाफ्टचे सील बदलले. सहा दिवसांनी तेही फाटले.

तेव्हा मात्र मी हत्यारे खाली ठेवली आणि स्वतःला विचारले, “नवे सील फाटते का?” शाफ्टचे सील फार थोडा दाब सोसते, सर्वसाधारणपणे दोन-तीन किलोपलीकडे नाही. त्यावर अधिक दाब येतो याचा अर्थ झिरपलेल्या तेलाला परत जाण्यास वाट नाही. ड्रेनचा होस काढून उभा चिरला, तेव्हा त्याचा आतील थर सुटून पडद्यासारखा लोंबत असलेला आढळला. बाहेरून पाइप धडधाकट होता. आतून वाट बंद होती.

पाइप बदलला, सील तिसऱ्यांदा बसवले आणि गळती कायमची थांबली. परंतु तोपर्यंत यंत्र एकूण सहा दिवस उभे राहिले होते आणि पुढे पाचव्या दिवशी पाऊस आला. तलावाचा एक कोपरा तसाच राहिला. पहिल्या दोन खेपांची मजुरी मी त्या भावांना परत केली. त्यांचे बुडालेले तास मात्र मला परत करता आले नाहीत.

निदानाची पद्धत

या अनुभवातून एक नियम हाती आला : तेल जेथे दिसते तेथे केवळ परिणाम असतो, कारण बहुधा दुसरीकडे असते. म्हणून कोणताही बोल्ट सैल करण्यापूर्वी पुढील क्रमाने पाहावे.

प्रथम गिअरपेटीतील तेल तपासावे. तेल जाड असून पातळी कमी झाली असेल तर दोष फ्लोटिंग सीलचा. तेल पातळ असून पातळी वाढली असेल तर शाफ्टचे सील गेलेले आहे. ते का गेले, याचे उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नये. ड्रेनचा होस, त्याचे जोड आणि सेंटर जॉइंट मोकळे आहेत काय, हे अगोदर पाहावे.

यंत्र एका बाजूला ओढत असेल, तर सेंटर जॉइंटपासून मोटरकडे जाणारे डाव्या व उजव्या बाजूचे होस परस्परांत बदलून पाहावेत. अशक्तपणा दुसऱ्या बाजूला गेला, तर दोष पंप, व्हॉल्व्ह किंवा सेंटर जॉइंटमध्ये आहे. तो त्याच बाजूला राहिला, तर मोटर वा गिअरपेटी दोषी. मोटर आतून किती झिजली आहे, हे ड्रेनमधून एका मिनिटात येणाऱ्या तेलाच्या मापावरून कळते. दोन्ही बाजूंचे माप घेऊन कंपनीच्या पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहावे. मात्र मोटरचे ड्रेनचे तोंड कधीही बंद करून यंत्र चालवू नये. तसे केल्यास सील तर फाटतेच, मोटरचे घरही फुटू शकते.

दुरुस्तीचा क्रम

यंत्र कठीण, सपाट जमिनीवर उभे करून बकेट जमिनीला टेकवावे. इंजिन बंद करून तेल थंड होऊ द्यावे, लिव्हर अनेकदा हलवून दाब मोकळा करावा आणि टाकीचे झाकण सावकाश सैल करावे. चेन सैल करताना ग्रीसचा व्हॉल्व्ह हळूहळू, एका फेऱ्यापेक्षा अधिक न फिरवता उघडावा आणि चेहरा त्याच्या समोर ठेवू नये. आतील ग्रीस प्रचंड दाबाखाली असते. यंत्राची बाजू उचलल्यावर फ्रेमखाली जाड लाकडी ठोकळे द्यावेत. केवळ बूमच्या आधारावर उचललेल्या यंत्राखाली हात घालू नये. मोटर व गिअरपेटीचे एकत्रित वजन काहीशे किलो असते. ती चेनब्लॉकनेच उतरवावी.

गिअर ऑइल काढताना प्लगवरील लोहचुंबक पाहावे. करड्या रंगाचा मऊ लगदा ही नेहमीची झीज. धातूचे तुकडे दिसल्यास गिअर वा बेअरिंग तुटत आहे असे समजावे. शाफ्टवरून नख फिरवावे. जुन्या सीलने पाडलेली चर नखाला लागली, तर नवे सील तेथे टिकणार नाही. शाफ्टवर स्लीव्ह चढवावी किंवा शाफ्ट बदलावा. बेअरिंगमध्ये खेळ असेल तर तेही बदलावे.

फ्लोटिंग सील नेहमी जोडीनेच बदलावे. रबरी कड्या व त्यांची बैठक कोरडी आणि स्वच्छ असावी. घासलेल्या धातूच्या तोंडावर मात्र तेलाचा पातळ थर द्यावा. मातीचा एक कणही तेथे पुरेसा घातक ठरतो. म्हणून हे काम तलावाच्या पात्रात, वाऱ्यात करू नये.

जोडणी झाल्यावर, इंजिन सुरू करण्यापूर्वी, ड्रेनच्या तोंडातून मोटरचे घर स्वच्छ हायड्रॉलिक ऑइलने भरावे. हा टप्पा घाईत विसरला जातो आणि कोरडी मोटर पहिल्या काही मिनिटांतच खराब होते. त्यानंतर चेन अधांतरी ठेवून दोन्ही दिशांना सावकाश फिरवावी, एक तासाने बोल्ट व तेलाची पातळी पुन्हा तपासावी.

दोन सूचना

गळती शोधण्यासाठी हात फिरवू नये. पुठ्ठ्याचा तुकडा धरावा. अतिदाबाचे तेल सुईसारखे त्वचेत शिरते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते आणि फारशी दुखतही नाही; पण उशीर झाल्यास बोट किंवा हात गमवावा लागतो. अशा वेळी तत्काळ रुग्णालयात जाऊन “दाबाचे तेल आत गेले आहे” असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

दुसरी सूचना आपल्या गावांसाठी. काढलेले तेल डब्यात साठवावे, जमिनीवर सोडू नये. ज्या तलावात पाणी साठावे म्हणून आपण खोदतो, त्याच तलावाच्या मातीत तेल मुरवणे, हे आपल्याच कामाला विरोध करण्यासारखे आहे.

विद्यार्थिदशेत उत्तर चुकले तर वहीवर लाल रेघ पडते आणि आपण ते पुन्हा सोडवतो. कामाच्या जागी चुकलेल्या उत्तराची किंमत दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागते. तरुण मेकॅनिक मित्रांना म्हणूनच एवढेच सांगणे आहे : पाना हाती घेण्यापूर्वी ‘का’ हा प्रश्न एकदा विचारा. मी तो तिसऱ्या खेपेला विचारला. तुम्ही पहिल्याच खेपेला विचारावा.