वाळल्या वैरणीस पेंडीची जोड

इगतपुरी, त्र्यंबक, पेठ व सुरगाणा या तालुक्यांतील गुरें पावसाळ्यांत डोंगरच्या हिरव्या गवतावर कशीं भरतात आणि चैत्र-वैशाखांत त्यांच्या बरगड्या कशा मोजतां येतात, हें नाशिक जिल्ह्यांतील शेतकऱ्यांस सांगावयास नको. पेंढ्याच्या गंजी दारांत उभ्या असतात, गव्हाणी भरलेल्या असतात, तरी जनावर खंगतें. मग खंगलेला बैल घोटीच्या बाजारांत मिळेल त्या किंमतीस विकावा आणि मृगाच्या तोंडीं दुसरा महाग घ्यावा, असा दुहेरी तोटा पदरीं येतो. वैरण कमी पडली अशी पुष्कळांची समजूत असते. आमच्या मतें उणीव बहुधा वैरणीची नसून ती पचविणाऱ्या शक्तीची असते.

गाय-बैल पेंढा स्वतः पचवीत नाहींत. त्यांच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यांत असंख्य सूक्ष्म जंतु असतात, ते हें काम करितात. या जंतूंस वाढण्यास नत्र लागतो. खुराकांतील प्रथिनांचें प्रमाण शेंकडा सातांच्या खालीं गेलें कीं त्यांची वाढ मंदावते, पेंढा पोटांत पडून राहतो, आणि पोट तट्ट असल्यामुळें जनावर नव्या वैरणीस तोंड लावीत नाहीं. भाताच्या पेंढ्यांत प्रथिनें शेंकडा ३ ते ४ च असतात. वाळून पिवळ्या पडलेल्या डोंगरी गवताची गोष्टही फारशी निराळी नाहीं.

आतां हिशेब पाहूं. सुमारे ३०० किलो वजनाचा डांगी बैल रोज ६ किलो पेंढा खातो असें धरूं. शेंकडा साडेतीनप्रमाणें त्यास २१० ग्रॅम प्रथिनें मिळतात. भुईमुगाच्या पेंडींत प्रथिनें शेंकडा ४२ धरलीं, तर रोजच्या ६०० ग्रॅम पेंडीनें एकंदर खुराक सातांवर येतो. टरफलासकट सरकीच्या पेंडींत तीं शेंकडा २२ च्या सुमारास असतात, म्हणून ती १ किलो ४०० ग्रॅम लागेल. तेव्हां पोत्याचा भाव न पाहतां प्रथिनें काय भावानें पडतात तें पाहावें. बुरसलेली भुईमूग पेंड मात्र फुकट मिळाली तरी घेऊं नये. तिचें विष दुधांतही उतरतें.

कित्येकजण पेंडीऐवजीं मक्याचा भरडाच भरपूर घालतात. त्यानें पोटांत आंबटपणा वाढून पेंढा पचविणारे जंतु उलट मागें पडतात. पेंडीस दिवाळीनंतर, गवत वाळूं लागतांच आरंभ करावा. फाल्गुनापर्यंत थांबून झडलेलें अंग भरून काढणें फार महाग पडतें. जोडीस मीठ व रोज ३० ते ५० ग्रॅम खनिज मिश्रण द्यावें.

पेंड परवडत नसेल त्यानें पेंढ्यावर युरियाची प्रक्रिया करावी. ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यांत पूर्ण विरघळवून १०० किलो पेंढ्यावर थराथरानें सारखा शिंपडावा, पेंढा दाबून ताडपत्रीनें हवाबंद झांकावा व २१ दिवसांनीं उघडावा. रोज लागेल तेवढाच काढून, उग्र वास उडेपर्यंत वाऱ्यावर पसरून, थोड्या प्रमाणापासून संवय लावावी. सहा महिन्यांच्या आंतील वासरांस तो देऊं नये. युरियाचें पाणी जनावर प्यालें तर थोड्या वेळांत दगावतें. म्हणून तें गोठ्यापासून दूर कालवावें आणि उरलेलें शेतांत ओतून भांडें लागलीच धुवावें.