दगडात उतरलेले विश्व



गेल्या वर्षी दहावीतील एका मुलीने मधल्या सुट्टीत मला विचारले, "बाई, मला पुढे विज्ञान शाखा घ्यायची आहे. मग चित्रकला आता सोडून द्यावी का? घरी सगळे तसेच म्हणतात." तिची चित्रवही माझ्या चांगल्या परिचयाची होती. मी स्वतः कला शाखेची पदवीधर. विज्ञानाच्या वाटेने जाणाऱ्या मुलीला काय सांगावे ते मला चटकन सुचले नाही. 'दोन्ही जमेल हो' असे काहीसे बोलून मी वर्गात गेले. त्या उत्तराने तिचे समाधान झाले नाही आणि माझेही झाले नाही. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचे राहून गेलेले उत्तर होय.

प्रारंभ आपल्या घरापासूनच करू. बिदरी कलेची एखादी सुरई किंवा डबी तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. काळ्याभोर अंगावर चांदीची वेलबुट्टी चमकत असते. हा काळा रंग वरून लावलेला नसतो. जस्ताचे सुमारे सोळा भाग आणि तांब्याचा एक भाग यांच्या मिश्रधातूची वस्तू प्रथम ओतून घेतात, कानसून गुळगुळीत करतात, मोरचुदाच्या पाण्याने तात्पुरती काळी करून तिच्यावर नक्षी कोरतात आणि कोरलेल्या रेषांत चांदीची तार ठोकून बसवितात. शेवटी वस्तू तापवून तिला नवसागर आणि बिदरच्या किल्ल्यातील जुनी माती यांचा लेप चोळतात. मिश्रधातू कायमचा काळा होतो. चांदी मात्र तशीच शुभ्र राहते. जस्तात मिसळलेले ते थोडेसे तांबे नसते, तर हा काळेपणा आलाच नसता. योग्य माती कोणती हे जुना कारागीर ती जिभेवर ठेवून ओळखतो. कलावंत आणि धातूंचा जाणकार हे दोघे येथे एकाच माणसात नांदतात.

परंतु सर्वच ज्ञान असे जिभेवर ठेवून पारखता येत नाही. ताऱ्यांचे गुरुत्वाकर्षण, विश्वाचा विस्तार, अणूच्या गर्भातील घडामोडी यांची पारख गणिताने आणि यंत्रांनीच होते, आणि त्यासाठी आयुष्य वेचावे लागते. तितकेच आयुष्य दगडाची आणि अवकाशाची भाषा शिकण्यास लागते. मग हे सूक्ष्म ज्ञान शिल्पात उतरवायचे, तर दोन माणसांनी एकत्र बसणे भाग आहे. असे एकत्र बसण्याचे एक उत्तम उदाहरण पुण्यास आहे.

पुणे विद्यापीठाच्या परिसरात खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी यांचे आंतरविद्यापीठीय केंद्र आहे. 'आयुका' या नावाने ते सर्वपरिचित आहे. १९८८ मध्ये ते स्थापन झाले. त्याचे संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर हे १९३८ मध्ये कोल्हापुरात जन्मलेले थोर खगोलशास्त्रज्ञ. मे २०२५ मध्ये त्यांचे पुण्यात निधन झाले. वास्तूची योजना चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५) यांनी केली. कोरिया गोमंतकीय कुळातले, पण त्यांचा जन्म आपल्या शेजारच्या सिकंदराबादेत झाला. ज्यांच्या घरी माझ्याप्रमाणे कोंकणी बोलली जाते, त्यांना या नावाचा अंमळ अधिक अभिमान वाटल्यास क्षमा असावी.

शिल्प या शब्दाचा अर्थ आपल्या परंपरेत पुतळ्यापुरता नाही. मूर्ती, मंडप, कुंड, पायऱ्या या साऱ्यांची रचना शिल्पशास्त्रातच येते. या व्यापक अर्थाने आयुकाचे प्रांगण हे एक मोठे शिल्पच आहे. प्रवेशाशी काळ्या भिंती आहेत. खाली काळा बसाल्ट, त्यावर अधिक काळा कडाप्पा आणि सर्वांत वर आरशासारखा गुळगुळीत काळा ग्रॅनाइट. त्या वरच्या थरात आकाश आणि ढग प्रतिबिंबित होतात. भिंत कोठे संपली आणि आकाश कोठे सुरू झाले असा क्षणभर संभ्रम पडावा, अशी ही योजना आहे. मध्यभागी जुन्या मंदिरांपुढे असते तसे पायऱ्यांचे कुंड आहे. त्याच्या परिसरात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत.

याहून महत्त्वाच्या आहेत तेथील दोन आकृती. पहिली 'रोश'ची. एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन ताऱ्यांपैकी प्रत्येकाच्या गुरुत्वाची एक हद्द असते. या दोन हद्दी एका बिंदूत टेकतात आणि इंग्रजी आठाच्या अंकासारखी आकृती तयार होते. एखादा तारा फुगून आपली हद्द पूर्ण भरू लागला, की त्याचे द्रव्य त्या बिंदूतून शेजारच्या ताऱ्याकडे वाहू लागते. एकोणिसाव्या शतकातील एदुआर रोश या फ्रेंच गणितज्ञाचे नाव या आकृतीस मिळाले आहे. दुसरी आकृती सिएर्पिन्स्की या पोलिश गणितज्ञाची, १९१५ मधील. समभुज त्रिकोणाचे चार समान त्रिकोण करा आणि मधला काढून टाका. उरलेल्या तिन्हींचे पुन्हा तसेच करा. प्रत्येक वेळी क्षेत्रफळाचा पाऊण भाग उरतो. दहा वेळा असे केले, तर मूळ क्षेत्रफळाचा अवघा साडेपाच टक्क्यांच्या आसपासचा भाग शिल्लक राहील.

या दोन्ही आकृती पुस्तकात छापता आल्या असत्या. मग शिल्पकाराचे कार्य ते काय? पुस्तकातील आकृतीवरून आपण बोट फिरवितो. येथील आकृतीवर आपण पाऊल ठेवतो. दोन ताऱ्यांच्या हद्दींमधील तो अरुंद बिंदू चालणाऱ्याच्या पायांना कळतो. येथे दोघांचे अधिकार निराळे आहेत, हे ध्यानात घ्यावे. रेषा कोठून जावी हे भौतिकशास्त्र ठरविते. सुंदर दिसते म्हणून ती वीतभरही सरकविता येत नाही. ती किती मोठी असावी, कोणत्या वळणावर अवचित दिसावी, हे मात्र कलावंत ठरवितो. तेथे समीकरणाचा उपयोग नाही. एकाने दुसऱ्याचे क्षेत्र बळकावले असते, तर एक तर खोटी नक्षी झाली असती, नाही तर निर्जीव तक्ता.

आपण सीमाभागातील माणसे ही गोष्ट सहज समजू शकतो. आमच्या घरी कोंकणी, शाळेत मराठी, बाजारात कन्नड आणि दक्खनी. चांगला दुभाषी दोन भाषांची खिचडी करीत नाही. दोन्हींचा मान राखून अर्थ पलीकडे पोहोचवितो.

आता जगातील आणखी दोन उदाहरणे तुलनेसाठी घेऊ. अमेरिकेत शिकागो शहराजवळ फर्मीलॅब ही कणभौतिकीची प्रयोगशाळा आहे. तिचे पहिले संचालक रॉबर्ट विल्सन (१९१४–२०००) हे भौतिकशास्त्रज्ञ असून स्वतः शिल्पकारही होते. प्रयोगशाळेच्या प्रवेशमार्गावर त्यांची तीन पायांची एक उंच पोलादी कमान आहे. 'भंगलेली सममिती' असे तिचे नाव. अगदी खाली मध्यावर उभे राहून वर पाहिले तरच ती सर्व बाजूंनी सारखी दिसते; अन्य कोठूनही पाहा, ती विषम भासते. सृष्टीचे काही नियम मुळात सममित असूनही आपल्याला तसे दिसत नाहीत, हा आधुनिक भौतिकीतील गहन विचार त्या कमानीखालून चालताना डोळ्यांना कळतो. हा आपल्या बिदरी कारागिराचाच गोत्रज म्हणावयाचा.

दुसरे उदाहरण जिनिव्हाजवळच्या 'सर्न' प्रयोगशाळेतील. तेथे भारत सरकारने भेट दिलेली सुमारे दोन मीटर उंचीची नटराजमूर्ती १८ जून २००४ रोजी स्थापन झाली. एका हाती निर्मितीचा डमरू, दुसऱ्या हाती संहाराचा अग्नी. जेथे ऊर्जेतून कण जन्मतात आणि क्षणार्धात लय पावतात, तेथे ही मूर्ती शोभून दिसते, यात शंका नाही. तथापि एक विवेक राखला पाहिजे. मेणाच्या साच्यावरून कांस्यमूर्ती ओतणाऱ्या चोळकालीन शिल्पींना कणभौतिकी ठाऊक होती असे म्हणणे हा त्यांचा गौरव नव्हे. त्यांनी आपल्या श्रद्धेचे सत्य घडविले; शतकांनंतर भौतिकशास्त्रज्ञांना त्यात आपल्या विषयाची उपमा दिसली. उपमा ही उपमाच असते, पुरावा नव्हे. आयुकातील रोशच्या आकृतीचे तसे नाही. तिचे माप चुकले, तर ती चुकलीच.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. मुली, चित्रकला सोडू नकोस. चित्रकलेने गुण वाढतात म्हणून नव्हे. त्याची हमी कोणी देऊ शकणार नाही. तू उद्या केवळ भौतिकशास्त्र शिकलीस, तरी तुझ्या ज्ञानाला दगडात उतरविणाऱ्या माणसाशी बोलण्यापुरती त्याची भाषा तुझ्यापाशी असली पाहिजे. आणि तुझ्या वर्गातील जो मुलगा कला शाखेकडे जाईल, त्यानेही गणिताची वही रद्दीत घालू नये. दोघांना एका मेजाशी बसविणारा कोणी तरी पुढे भेटेलच. पण बसल्यावर बोलता यावे, याची तयारी मात्र आजच करावयाची असते.

घरी करून पाहा. (१) पुठ्ठ्याचा समभुज त्रिकोण घेऊन सिएर्पिन्स्कीची आकृती तीन पायऱ्यांपर्यंत कापा आणि उरलेले क्षेत्रफळ मूळ क्षेत्रफळाच्या किती अंश आहे ते गणिताने काढा. (२) तीन काड्या आणि ओली माती घेऊन अशी कमान करा, की ती एकाच जागेवरून सममित दिसेल. (३) जवळपास बिदरी काम चालत असेल तर वडीलधाऱ्यांसह जाऊन पाहा, आणि पाहिलेले शब्दांत व चित्रांत, दोन्हींत, टिपून आणा. पुढील वर्षीच्या अंकासाठी त्यातील उत्तम टिपण आम्ही अवश्य निवडू.