साधित आज्ञावली आणि निपातन

डिसेंबर 1986 मध्ये बंगळूर येथे संस्कृत आणि ज्ञाननिरूपण या विषयावर एक राष्ट्रीय परिषद भरली. तिला पार्श्वभूमी होती ती रिक ब्रिग्ज यांच्या 1985 च्या लेखाची. संस्कृत वैयाकरणांची वाक्यार्थविश्लेषणाची पद्धती संगणकीय ज्ञाननिरूपणाशी मिळतीजुळती आहे, असे त्यात प्रतिपादिले होते. पुढे या चर्चेचे पर्यवसान संगणकाला कोणती भाषा योग्य या वादात वारंवार झाले, आणि तो वाद फारसा फलदायी नाही. आज्ञावलीलेखन हा ज्या शहराचा प्रमुख व्यवसाय झाला, त्याने पाणिनीकडून घेण्याजोगे काही असेल तर ते रूपसिद्धीच्या व्यवस्थेत आहे.

सुमारे चार हजार सूत्रांच्या अष्टाध्यायीत शब्दांची यादी नाही. धातू, प्रत्यय आणि नियम यांपासून रूपे सिद्ध होतात. प्रतिमानापासून आज्ञावली तयार करणाऱ्या साधनांचा व्यवहार याच जातीचा आहे. एक्लिप्स या मुक्तस्रोत प्रकल्पातील ईएमएफ हे साधन 'ग्रंथ', 'लेखक' आणि त्यांचे संबंध एवढे वर्णन घेऊन जावा भाषेतील आज्ञावली रचते. अ‍ॅसेलिओ हे दुसरे साधन प्रतिमानातील नावे साच्यात भरून हवा तो मजकूर निर्माण करते; त्याची साचाभाषा 2008 च्या आंतरराष्ट्रीय मानकावर आधारलेली आहे. जिला व्यवहारात 'सोर्स' म्हणजे मूळ म्हणतात, ती आज्ञावली येथे साधित ठरते, हे गमतीचे आहे.

अडचण येते ती अपवादापाशी. जुन्या मराठी ग्रंथांच्या मुखपृष्ठावर शक छापलेला असतो. त्यावरून इसवी सन काढताना 78 मिळवावे लागतात. परंतु जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या प्रकाशनास 79. प्रतिमानात या कृतीचे केवळ नाव असते. हिशेब कोणीतरी जावात हाताने लिहितो. प्रतिमान बदलून आज्ञावली पुन्हा निर्माण केली की हा हिशेब पुसला जातो. तो टिकावा म्हणून 'जनरेटेड' या खुणेपुढे 'नॉट' हा शब्द लिहावा लागतो. पोथीच्या समासातील शोध पुढच्या लेखकाने गाळू नये म्हणून केलेल्या खुणेसारखीच ही खूण.

पण या उपायाने अपवाद साधित रूपातच राहतो, मुळाला त्याचा पत्ता नसतो. पाणिनी असे करीत नाही. नियमाने न साधणारे रूप तो निपातनाने सूत्रातच सिद्ध म्हणून ठेवतो; त्यामुळे अपवादही शास्त्राच्या आतच राहतो. ईएमएफमध्येही कृतीचा संपूर्ण मजकूर प्रतिमानात टिपणरूपाने ठेवण्याची सोय आहे. ती वापरली की शकाचा हिशेब दर निर्मितीत आपोआप उतरतो, आणि खुणेची गरज उरत नाही. मात्र ते टिपण जावातच लिहिलेले असते. तेच प्रतिमान उद्या दुसऱ्या संगणकभाषेत उतरवायचे झाल्यास एवढा भाग पुन्हा हातानेच लिहावा लागेल.